स्वयंपाकघराचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

या व्याख्यानमालेत आजवर समाजाचा इतिहास, तत्त्वज्ञान, शिक्षण अशा भारदस्त विषयांवर विद्वान वक्त्यांनी विचार मांडले. माझ्या वाट्याला समितीने स्वयंपाकघर दिले आहे. 'घरच्या घरी साधे व आरोग्यदायी खाणेपिणे' असा विषय पत्रिकेत छापलेला आपण पाहिलाच असेल. मी वैद्य नाही, आहारतज्ज्ञही नाही. शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. परंतु चाळीस वर्षे हाती मीटरपट्टी धरणाऱ्या माणसाला समाजाची एक गोष्ट फार लवकर कळते, ती म्हणजे समाजाची कंबर. मी पेढीवर बसू लागलो तेव्हा पँटपीस १ मीटर २० सेंटिमीटर फाडून दिला की शिंप्याची तक्रार येत नसे. आता गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकून १ मीटर ३० फाडावा लागतो, आणि ही वाढ उंचीची नव्हे. तयार कपड्यांच्या विभागात ३२ आणि ३४ कंबरेचा माल पडून राहतो; ३८ आणि ४० चा प्रथम संपतो. त्यात आपल्या समाजाचे गिऱ्हाईक थोडे नाही.

दुकानातील हे निरीक्षण केवळ गमतीचे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. आपण व्यापारी माणसे. दिवसाचे दहा-बारा तास गादीवर बसून काढणारी. हे आकडे आपल्यासाठी सौम्य असतील, असे मानण्यास काही कारण नाही.

तरीही आपल्या मनात एक समाधान घर करून बसले आहे. आपण मांसाहार करीत नाही, मद्य घेत नाही, बहुसंख्य घरांत जमीनकंद येत नाही. तेव्हा आपला आहार आपोआपच निरोगी आहे, असे ते समाधान. माझ्या थोरल्या बंधूंनी जन्मात कांदा-लसणाला स्पर्श केला नाही. वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत स्टेंट घालावे लागले. डॉक्टरांनी आहाराची विचारपूस सुरू केली तेव्हा वहिनींनी मोठ्या अभिमानाने सांगितले, "आमच्याकडे अगदी शुद्ध सात्त्विक असते हो सगळे." डॉक्टर सज्जन होते. त्यांनी एवढेच विचारले, "दुपारी चार वाजता दुकानात काय असते?" वहिनींना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला ठाऊक होते. चार वाजता कोपऱ्यावरून मुगाची कचोरी यायची. जैन कचोरी, कांदा-लसूण नसलेली, सकाळपासून उकळत असलेल्या तेलातून काढलेली. सोबत चहा, आणि सकाळपासूनचे चहा मोजले तर सहा.

कांदा नसणे हा धर्माच्या दृष्टीने गुण आहे. तेलाला, मैद्याला आणि साखरेला त्यामुळे माफी मिळत नाही. आज बाजारात 'जैन' हा शब्द पाकिटावर छापून वेफर्स, फरसाण, पावभाजी, पिझ्झा, सारे काही विकले जाते. तो शब्द फक्त काय घातलेले नाही एवढेच सांगतो. काय घातले आहे ते पाकिटाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असते. ते वाचायला चष्मा लागतो आणि आपला चष्मा नेमका त्याच वेळी घरी राहिलेला असतो.

वास्तविक पाहता आहाराचा जितका सूक्ष्म विचार आपल्या परंपरेत झाला आहे तितका क्वचितच अन्यत्र आढळेल. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांत अनशनानंतर लगेच दुसरे स्थान ऊनोदरीला आहे, भुकेपेक्षा थोडे कमी खाण्याला. रसपरित्याग हेही त्याच सहांपैकी एक. आपल्या श्वेतांबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि कढईत तळलेले पदार्थ या सहा विगई मानल्या जातात. दिगंबर आम्नायात तळणीऐवजी मिठाची गणना होते. आपण दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. तूप, तेल, साखर, तळण, मीठ! आजचा हृदयरोगतज्ज्ञ आपल्या चिठ्ठीच्या मागे जे लिहून देतो, तेच हे नाही काय? आचार्यांचा हेतू आत्मशुद्धीचा होता, रक्तदाबाचा नव्हे, हे मी जाणतो आणि त्या दोहोंची सरमिसळ करू इच्छित नाही. परंतु दररोज एका विगईचा त्याग करण्याची जी सवय आपल्या आजी-आत्यांना होती, तिने त्यांचे शरीरही राखले, हे नाकारता येत नाही.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे वळतो.

आपण दुकानाचा जमाखर्च पैशापर्यंत लिहितो. स्वयंपाकघराचा लिहीत नाही. किती तेल खावे, याचे उत्तर २०२४ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दिले आहे. दिवसाला २००० उष्मांकांच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत. हे ग्रॅम गृहिणीला रोज मोजता येणार नाहीत, मोजूही नयेत. म्हणून मी त्याचे दिवसांत रूपांतर केले आहे. घरात पाच माणसे धरा. २७ ग्रॅमप्रमाणे पाच जणांचे १३५ ग्रॅम. याचा अर्थ, १५ किलो तेलाचा डबा १११ दिवस पुरला पाहिजे, आणि तोही घरात तूप-लोणी अजिबात येत नसेल तर! एक किलो मिठाची पिशवी ४० दिवस, पाच किलो साखर ४० दिवस. एवढे करा: डबा फोडला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहा. मिठाच्या आणि साखरेच्या बरणीवरही चिकटपट्टीवर तारीख लिहा. संपला की दिवस मोजा. मी हा प्रयोग आमच्या बाजारातील सात-आठ घरांत करून घेतला. एकाही घरात डबा ७० दिवसांवर गेला नाही. एका घरात तो ४३ दिवसांत संपला. त्या घरच्या यजमानांनी आधी मोलकरणीवर संशय घेतला, मग कढईकडे पाहिले. नावे सांगत नाही. मंडळी समोरच बसली आहेत.

शिवाय बाहेरचे फरसाण, लोणचे, पापड, मिठाई यांतील तेल-मीठ-साखर या हिशेबात धरलेलेच नाही. ते उधारीचे खाते समजा. शरीर ते लिहून ठेवते.

तळण अजिबात बंद करा, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. मात्र तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे थांबवलेच पाहिजे. तेल जितके अधिक वेळा तापते तितकी त्यात अपायकारक द्रव्ये वाढत जातात. म्हणूनच अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा द्रव्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास मनाई केली आहे. नियम हलवाई-हॉटेलवाल्यांसाठी असला तरी आपली कढई त्याला अपवाद नाही. घरी पुऱ्या तळायच्याच असतील तर लहान कढईत थोडे तेल घ्यावे आणि उरलेले एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे. वनस्पती तुपाबाबत सांगायचे तर, त्यातील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली आहे. खारी आणि टोस्टच्या बाबतीत मात्र एवढ्याने निश्चिंत होऊ नये. मैदा त्यात तेवढाच आहे. नवकारसीचे पच्चक्खाण पाळून, सूर्योदयानंतर ४८ मिनिटे संयम ठेवून, अखेर चहात खारी बुडवायची, हे मला विसंगत वाटते.

मग काय खावे? इथे मला विशेष संशोधन करावे लागले नाही. मारवाडातून निघालेले आमचे पूर्वज बैलगाडीतून काय घेऊन आले असतील तर बाजरी, मूग, मोठ आणि ताक करण्याची रवी. बाजरीची राबडी हे पेय आज आमच्या नातवंडांना ठाऊक नाही. अर्धा लिटर थोडे आंबट ताक घ्यावे, त्यात चार चमचे बाजरीचे पीठ गुठळ्या न होऊ देता घुसळावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पंधरा-वीस मिनिटांत ते दाटसर होते. मीठ बेताचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड सढळ हाताने. गार झाल्यावर लागेल तसे पाणी घालून प्यावे. उन्हाळ्यात एक पेलाभर घेतली की दुपारपर्यंत भूक लागत नाही. इकडच्या शेतकऱ्याची ज्वारीची किंवा नाचणीची अंबील ही हिचीच सख्खी बहीण. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा हीच धान्ये सुबक पाकिटांतून चौपट भावाने परत आली. आपण ती पाकिटातून घेण्याचे कारण नाही.

पिठाच्या बाबतीत दिगंबर बांधवांकडील एक नियम मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस, एवढीच दळलेल्या पिठाची मर्यादा. जीवदयेचा विचार त्यामागे आहेच. परंतु बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, हे ज्याने खाल्ले त्याला विचारावे. बाजरीतील स्निग्धांश दळल्यावर लवकर खवट होतो. थोडे थोडे दळून आणावे. हल्ली घरगुती चक्की अनेकांकडे आहे. तिच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या असतात, एवढाच काय तो प्रश्न.

आहारतज्ज्ञांचे सल्ले वाचताना आपल्या घरात एक अडचण येते. ते म्हणतात, मोड आलेली कडधान्ये खा. आपल्यातील अनेक घरांत अंकुरित धान्य वर्ज्य आहे. ते म्हणतात, कोमट पाण्यात मध घ्या. मध आपल्याला चालत नाही. गाजर, बीट, आले, मशरूम यांचेही तसेच. इडलीचे रात्रभर आंबवलेले पीठ कित्येकांना वासी म्हणून नको असते. मग गृहिणी हताश होऊन म्हणते, हे आपल्यासाठी नाही; आणि डबा उघडून शेव काढते. वस्तुतः यातील कशावाचूनही अडत नाही. मूग चार तास भिजवावेत, मोड येण्यापूर्वीच मिरची, जिरे आणि किंचित सुंठ घालून वाटावेत, त्यात किसलेला दुधी मिसळावा आणि तव्यावर धिरडी घालावीत. आंबवणे नाही, मोड नाहीत, पाऊण तासात चौघांचा नाश्ता होतो. दुधीचे मुठिये हा दुसरा सोपा प्रकार: किसलेला दुधी, जाडसर कणीक, मूठभर बेसन, तीळ, वळून वीस मिनिटे वाफवावेत. तळू नयेत आणि वरच्या फोडणीत तेल एकच चमचा असावे. सोबत मात्र कच्चे दही घेऊ नये, बेसनामुळे द्विदलाचा दोष येतो. कोकमाची किंवा खोबऱ्याची चटणी घ्यावी. ताकाची कढी करायची तर ताक आधी नीट तापवून मगच त्यात बेसन घालण्याची आपली रीत आहे, ती तरुण मुलींना सांगावी. नव्या पिढीला 'चालत नाही' एवढेच सांगितले जाते. 'त्याऐवजी हे चालते' हे सांगणारे घरात कोणी उरलेले नाही, म्हणून ती बाहेर मागवते.

दुपारच्या चारच्या भुकेचे काय करावे, हा आम्हा दुकानदारांचा खरा प्रश्न. घरून डबा न्यावा, हे उत्तर. त्यात भाजके चणे आणि मूठभर शेंगदाणे, कोरडा भाजलेला खाखरा, चमचाभर तेलात हळद-जिरे-कढीपत्त्याची फोडणी दिलेल्या ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याचा एखादा लाडू. लाह्या नागपंचमीपुरत्याच का ठेवायच्या, ते मला कळलेले नाही. शेंगदाणा जमिनीत येतो म्हणून कोणी शंका घेते; तो कंद नसून शेंग आहे आणि सर्वसाधारणपणे आपल्यात चालतो. ज्यांचा नियम वेगळा असेल त्यांनी चणे घ्यावेत. खाखऱ्याविषयी एक सावधगिरीचा शब्द: बाजारातील मसाला खाखऱ्याला हात लावून पाहा. बोटे तेलकट झाली तर तो खाखरा नव्हे, पापडीच.

पेयांविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे, कारण तिथे आपण सर्वांत अधिक फसतो. चहाच्या एका कपात दीड चमचा साखर धरली तर सहा कपांचे नऊ चमचे होतात, म्हणजे जवळपास ४० ग्रॅम. दिवसाची मर्यादा चहातच ओलांडली गेली. थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम साखर असते. एक बाटली म्हणजे पूर्ण दिवसाचा वाटा. फळांचा रस काढला की तंतू चोथ्याबरोबर टाकला जातो आणि साखर पेल्यात उरते. म्हणून मोसंबी सोलून खावी. गूळ घातला म्हणजे निर्दोष, असेही नाही. मधुमेही माणसाने गूळ आणि साखर एकाच खात्यावर लिहावी. मुलांच्या दुधात घालण्याच्या चॉकलेटी पावडरींना आपण वर्षानुवर्षे 'शक्तिवर्धक' समजत आलो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'आरोग्य पेय' या सदरातून काढावीत, अशी सूचना दिली. दुधात वेलची, थोडी हळद किंवा बदामाची पूड घातली तरी मुले पितात. मात्र आठ दिवस कुरकुर ऐकून घ्यावी लागते.

आमच्या व्यवसायात आणखी एक पेच आहे. लग्नाचा बस्ता काढायला मंडळी आली की चार-चार तास बैठक चालते. शालू, साड्या, मानपानाचे कपडे. दर तासाला चहा मागवायचा, शेवटी थंड बाटल्या आणायच्या, आणि पाहुणा घेतो म्हणून मालकानेही घ्यायचे, ही बाजाराची रीत. बंधूंच्या आजारपणानंतर आम्ही ती बदलली. आता पेढीवर सकाळी घरून दोन मोठ्या बरण्या येतात. एकीत जिरे घातलेले पातळ ताक, दुसरीत आमसुलाचे पाणी. उन्हाळ्यात कैरीचे पन्हे, त्यात गूळ निम्मा. ज्याला चहाच हवा त्याला चहाही मिळतो, साखर वेगळी. पहिल्या हंगामात बाजारात बोलबाला झाला की शेठजींनी चहाचे पैसे वाचवायला सुरुवात केली. एका वरमाईंनी तर तोंडावर विचारले, "धंदा बरा चाललाय ना?" दुसऱ्या वर्षी त्याच बाई धाकट्या लेकीचा बस्ता काढायला आल्या आणि बसण्यापूर्वीच ताक मागितले. बिक्रीवर परिणाम झाला नाही, हे मी व्यापारी म्हणून नोंदवतो. दुकानातील आठ नोकरांनाही तेच ताक मिळते. त्यांच्यापैकी दोघांनी गुटखा सोडला. त्याचे श्रेय ताकाला देण्याचा मोह मी आवरतो.

आता सायंकाळचे भोजन. चोविहाराचे व्रत आपण पाळतो किंवा पाळावे असे म्हणतो. उशिरा रात्री जेवल्यास रक्तातील साखर अधिक वाढते, असे अलीकडच्या वैद्यकीय संशोधनातही आढळले आहे. अडचण आहे ती दुकानाच्या वेळेची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि ऐन गिऱ्हाइकीची वेळ तीच. परिणामी दोन प्रकार होतात. काही जण व्रत सोडून रात्री साडेदहाला भरपेट जेवतात. काही जण व्रत राखण्यासाठी साडेपाचला जे हाताशी येईल ते, म्हणजे वडा किंवा सँडविच, दहा मिनिटांत पोटात ढकलतात. दुसऱ्या प्रकारात पच्चक्खाण टिकते, ऊनोदरी टिकत नाही. आमच्या पेढीवर पाच ते सहा या वेळेत आम्ही आळीपाळीने गल्ल्यावरून उठतो. डबा साधा असतो: ज्वारीची भाकरी, अख्ख्या मुगाची किंवा चवळीची उसळ, दोडका किंवा दुधी. आठवड्यातून दोनदा मुगाच्या डाळीची खिचडी. खिचडीत तांदूळ आणि डाळ समसमान घ्यावेत. आपण तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतो आणि तिला सात्त्विक म्हणतो. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के उष्मांक भात-पोळी-साखरेसारख्या पिष्टमय पदार्थांतून येतात, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसून आले. आपण शाकाहारी मंडळींनी डाळीचा वाटा वाढवणे, हाच त्यावरचा सोपा आणि स्वस्त उपाय.

तिथीच्या दिवशी हा वाटा कोठे जातो, ते पाहण्यासारखे आहे. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. मग ताटात गट्ट्याची भाजी, शेवेची भाजी, पापडाची भाजी आणि तळलेला पापड. महिन्यातील कित्येक दिवस असे बेसन, मीठ आणि पापडखारावर जातात. वास्तविक तिथीचा दिवस म्हणजे कडधान्यांचा दिवस व्हावा. मोठ, मटकी, चवळी, राजमा, अख्खा मसूर, वाल. भिजवावे, शिजवावे, कोकम आणि सुक्या खोबऱ्याच्या वाटणात उकळावे. पापड हवाच तर विस्तवावर भाजावा.

तपस्येबाबत बोलण्याचा मला अधिकार नाही, तो साधू-साध्वींचा. दोन व्यावहारिक गोष्टी तेवढ्या सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. साखर एकदम खाली जाऊन बेशुद्धी येऊ शकते. आणि अठ्ठाई किंवा त्याहून मोठ्या तपस्येचे पारणे मुगाच्या पाण्याने, पातळ राबेने, घोटाघोटाने व्हावे. पूर्वी तसेच होत असे. आता पारण्याला मंडप, केटरर आणि सात मिठाया असतात, आणि आठ दिवस विसावलेल्या जठरावर नातेवाईक प्रेमाने तुटून पडतात. तपस्वी व्यक्तीला आग्रह करू नये, ही विनंती. आयंबिल शाळेतही पूर्वी उकडलेली डाळ, भात आणि कोरडी पोळी असे. आता तिथेही पदार्थांची यादी वाढत चालली आहे.

एक उणीव आपल्या आहारात खरोखर आहे आणि ती झाकून ठेवू नये. जीवनसत्त्व बी-१२ निसर्गतः प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. आपल्यासाठी त्याचा मार्ग म्हणजे दूध, दही, ताक. ते पुरेसे घेतले जात नसेल तर थकवा, हातापायांना मुंग्या, विस्मरण, रक्तक्षय अशी लक्षणे दिसतात आणि आपण ती वयावर ढकलतो. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक आढळते. वर्षातून एकदा रक्त तपासावे. कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. अहिंसेच्या विचाराने काही तरुण दूधही सोडत आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु त्यांनी ही गोळी नियमितपणे घेतलीच पाहिजे.

आता श्राविकांच्या मनातील प्रश्न मीच विचारतो. 'घरी करा, ताजे करा, थोडे थोडे दळा' हे व्यासपीठावरून सांगणे सोपे, करायचे कोणी? माझ्या सुनेची स्वतःची नोकरी आहे. ती सकाळी साडेआठला घराबाहेर पडते. तिने पहाटे उठून मुठिये वाफवावेत आणि आम्ही पुरुषांनी आरोग्य सुधारावे, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. आमच्या घरी चणे-लाह्यांचा आठवड्याचा डबा रविवारी मी आणि माझा मुलगा भरतो. राबडी मी घुसळतो. मूग भिजत घालण्याचे काम नातवाकडे आहे आणि तो ते विसरला तर त्या दिवशी नुसती खिचडी होते. ज्या घरात पुरुष स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत, त्या घरात साधे जेवण टिकणार नाही. तिथे पाकिटेच येतील आणि त्याचा दोष सुनेला देता येणार नाही.

शेवटी विश्वस्तांपुढे एक गाऱ्हाणे. सुवर्णमहोत्सवाच्या स्वामिवात्सल्याचा बेत अद्याप ठरायचा आहे. गेल्या वर्षी संवत्सरीनंतरच्या भोजनात तीन मिठाया, दोन फरसाण, पुरी, मसालेभात आणि आइस्क्रीम होते. उष्टे किती टाकले गेले, ते भांडी घासणाऱ्या बायांना विचारावे. या वर्षी एकच मिठाई ठेवावी. पुरीच्या जागी फुलका आणि बाजरीची छोटी भाकरी, एक अख्ख्या कडधान्याची उसळ, गरम कढी, पिण्यास उकाळलेले पाणी आणि राबडी. एका मिठाईचे पैसे मी देतो. दुसऱ्या दोन वाचवलेल्या मिठायांचे पैसे ट्रस्टच्या दवाखान्यात रक्तातील साखर आणि बी-१२ तपासणीसाठी ठेवावेत. केटररकडून दोन्ही बेतांचे दरपत्रक मी मागवले आहे आणि ते अध्यक्षांकडे आजच देत आहे.

बाहेर टेबलावर खडू आणि चिकटपट्टी ठेवली आहे. प्रत्येक घरासाठी एक घेऊन जावी. ज्यांचा तेलाचा डबा १११ दिवस पुरेल त्यांनी दुकानावर येऊन सांगावे, त्यांच्या घरच्या गृहिणीला माझ्याकडून एक सुती साडी भेट. राबडीची बरणी खाली जिन्याजवळ आहे. पेले स्टीलचे आहेत, पिऊन झाल्यावर धुऊन ठेवावेत.

जय जिनेंद्र.